मधलं भोक

तीस वर्षं हा माणूस रफू करत आला. आणि हा धंदा मोठा चमत्कारिक हो! काम दिसलं की बिघडलं, दिसलं नाही की चोख. मग कौतुक कशाचं करणार? गिऱ्हाईक कोट उलटापालटा करायचं, "होतं कुठे?" म्हणायचं आणि चालू पडायचं.

त्याची लेक कॉलेजातल्या तिघांबरोबर शीतपेयाच्या डब्याएवढा उपग्रह बनवत होती. स्पर्धेत तो रॉकेटनं वर जाणार, पॅराशूटनं उतरणार आणि उतरता उतरता हवेची खबर देणार. संधी एकच. छत्रीच्या लाल कापडाचं पॅराशूट तिनं काठाला टीप मारायला बापाकडे ठेवलं. बघतो तर ऐन मध्ये मोठ्या बटणाएवढं भोक! पोरीची कात्री घसरली वाटतं, असं म्हणून त्यानं ते गुपचूप बुजवलं.

मैदानावर लेकीनं कापड उजेडात धरलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, मधलं भोक?"

"बुजवलं की! सापडतंय का बघ."

"अहो, मुद्दाम ठेवलं होतं! त्यातून हवा गेली नाही तर डबा झोके खाईल. त्याची खबर खाली ऐकूच येणार नाही. वर्षभराची मेहनत पाण्यात!" ती रडायलाच लागली.

"काका, कापू का?" तिच्याबरोबरच्या तिघांतल्या चष्मेवाल्यानं कात्री काढली.

"खबरदार! उसवत जाईल."

तो गवतावर बसला. रफूची कड त्यालाही दिसेना. आपलीच करणी आपल्याच मुळावर! शेवटी डोळे मिटून बोट फिरवलं, तेव्हा बोटानं ओळखलं. एकेक धागा त्यानं काढला आणि कडेला काजासारखे टाके घातले. शेवटची गाठ मारतोय तोवर त्यांचा नंबर पुकारला.

डबा वर गेला, दिसेनासा झाला. मग लाल कापड उमललं आणि सावकाश, अगदी सावकाश उतरू लागलं. झोका नाही, घाई नाही. तो मान वर करून बघत राहिला. आपले पायही जमिनीवर नाहीत असं त्याला वाटलं. जवळ आलं तसं मधल्या भोकातून निळं आभाळ दिसू लागलं.

"बोलतोय! बाबा, डबा बोलतोय!"

परीक्षक बाईंनी दुर्बीण खाली घेतली. "मधलं भोक काय सुबक आहे! कुणाचं काम?"

"ह्यांचं. माझ्या बाबांचं."

सगळे वर बघत होते. त्याचं काम आज पहिल्यांदा लोकांना दिसत होतं. त्याला लाज वाटली, भरूनही आलं. डोळे पुसायला हात उचलला, तर बोटांत अजून सुई होती.