बावन्न प्रश्न

"देव कोठे आहे?"

"सर्व ठिकाणी आहे."

"आपण त्याला पाहू शकतो काय?"

एस्तेरबाईंची तांदळातली बोटे थांबली. ओठ नुसतेच हलले. समोर स्टुलावर बसलेले शांतवन वायदंडे वही मांडीवर धरून वाट पाहत राहिले. त्यांनी मनातल्या मनात दहापर्यंत मोजले. त्याआधी मदत करायची नाही, असा त्यांचा नियम होता.

"नाही, पण..." ते शेवटी म्हणाले.

"न्हाई, पण तो आपल्याला नेहमी पाहतो. अंधारातही पाहतो." आणि बोटे पुन्हा खडे वेचू लागली.

शांतवनांनी सहाव्या प्रश्नापुढे अर्धी खूण केली.

परड्याच्या कुडापलीकडे शालूबाई म्हशीला वैरण टाकत होती. तिने मान वर केली. "आवं उपदेशक, म्हातारीला ह्या वयात शाळंत घातली व्हय? मॅट्रिकला बसवायची का काय?"

"बसवतो की. तुम्हीही या."

"नगं बाई. आमची म्हस बरी. ती काय इचारत न्हाई."

एस्तेरबाई हसल्या. कोण बोलले ते त्यांना कळले की नाही, हे शांतवनांना ठरवता आले नाही. त्यांनी सातवा प्रश्न विचारला.

उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला मिशनच्या दोन खोल्या आणि उपासनेची पत्र्याची लांबट खोली होती. शांतवन सत्तर वर्षांचे होते, एस्तेरबाई सहासष्ट. निवृत्तीचे वय कधीच उलटून गेले होते, पण अकरा माणसांच्या मंडळीसाठी उंब्रजला येऊन राहायला तरुण कोणी तयार नव्हते, म्हणून दोघांना ठेवले होते. दोघांना. मिशनची ही रीत जुनी होती. गोऱ्या लोकांनी घालून दिलेली आणि ते परत गेल्यावरही चालू राहिलेली. पुरुषांशी पुरुषाने बोलायचे, पारावर, गुऱ्हाळावर. घरात, चुलीपाशी, बाळंतिणीच्या खाटेपाशी बाईने जायचे. म्हणून केंद्र जोडप्यालाच मिळे. एकट्या माणसाला कधीच नाही.

गेल्या पावसाळ्यात एस्तेरबाईंनी शालूबाईच्या सोप्यात बसून एकच गोष्ट लागोपाठ तीनदा सांगितली होती. मग एकदा त्या एसटी स्टँडवर सापडल्या, कुठे जायचे ते न सांगता आल्यामुळे बसून राहिलेल्या. पण शांतवनांना पहिली शंका आली ती या दोन्हींच्या आधी. एका सकाळी एस्तेरबाई म्हणाल्या, "चहा गार झाला हाय."

मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली ही बाई. लग्नाला शेहेचाळीस वर्षे झाली होती आणि इतक्या वर्षांत शांतवनांनी तिच्या तोंडून 'हाय' कधी ऐकले नव्हते. रहिमतपूरच्या मळ्यात वाढलेल्या शांतवनांचेच 'न्हाई' आणि 'तवा' तिने सुधारले होते, पहिल्या दोन वर्षांत, जेवताना.

डिसेंबरात सांगलीच्या कचेरीतून पाळकसाहेबांचे पत्र आले. बाईंच्या प्रकृतीविषयी कानावर आले आहे. ३१ जानेवारीला शनिवारी येतो, रविवारी उपासनेत भाकर आणि पेला वाटून प्रभुभोजन ठेवू. गरज पडल्यास बाईंची सोय मिरजेकडे वृद्ध स्त्रियांच्या घरी करता येईल.

ते घर शांतवनांनी पाहिले होते. स्वच्छ होते. अठरा लोखंडी खाटा, प्रत्येकीच्या पायाशी रंगाने काढलेला आकडा. पुरुषांनी भेटायला रविवारी तीन ते पाच यायचे आणि व्हरांड्यात बसायचे.

त्यांची मुले जगली नव्हती. दुसरे कोणी नव्हते ज्याच्याकडे दोघांना एकत्र जाता येईल.

पत्र आले त्या दिवशी त्यांनी पेटीच्या तळातून प्रश्नोत्तराचे पुस्तक काढले. लहान मुलांना श्रद्धेची तत्त्वे शिकवण्याचे, बावन्न प्रश्नांचे. पाळक काहीतरी विचारतीलच, आणि बाई उत्तरे देऊ शकल्या तर त्या अगदीच गेलेल्या नाहीत हे दिसेल, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्या दिवशी एकोणतीस चुकले. आठव्या दिवशी एकवीस. जानेवारीच्या मध्याला नऊ. शांतवन रोज तारीख घालून आकडा लिहीत आणि संध्याकाळी वही उघडून पुन्हा पाहत. आकडा खाली येत होता. कुठेतरी काहीतरी परत जुळत होते.

याच दिवसांत एस्तेरबाईंना स्टोव्ह कसा पेटवायचा ते आठवेनासे झाले. त्या शांतवनांना 'अहो' ऐवजी 'मास्तर' म्हणू लागल्या. रस्त्यावरून उसाच्या गाड्या साखर कारखान्याकडे निघाल्या की त्या दारात जाऊन प्रत्येक गाडीकडे निरखून पाहत, आणि शेवटची गाडी गेली की तोंड पाडून आत येत. हे शांतवनांनी वहीत लिहिले नाही. त्यांनी एकच गोष्ट मोजली, जी सुधारत होती ती.

शनिवारी दुपारी पाळक लोखंडे एसटीने आले. वय पस्तिशीच्या आत, हातात एक पिशवी आणि प्रभुभोजनाच्या पेल्यांची पेटी. त्यांनी "सलाम" केला. एस्तेरबाईंनी पदर सावरून नीट उलट सलाम केला. शांतवनांनी सुटकेचा श्वास सोडला.

चहा झाल्यावर शांतवनांनी स्वतःच पुस्तक पुढे केले. "विचारा, साहेब. कुठूनही विचारा."

लोखंडेसाहेबांना ते जरा विचित्र वाटले असावे. पण म्हाताऱ्या माणसाचे मन मोडू नये म्हणून त्यांनी सुरुवात केली. एस्तेरबाई उठून उभ्या राहिल्या. हात पाठीमागे बांधले, टाचा जुळवल्या, नजर भिंतीवर. पाचवा प्रश्न, बारावा, एकतिसावा. उत्तरे घड्याळाच्या ठोक्यासारखी येत होती, आणि उत्तरांमधली भाषा स्वच्छ, पुस्तकी होती. मग पाळक क्रमानेच विचारत गेले. बावन्नच्या बावन्न. एकही चुकले नाही.

"बाई," पुस्तक मिटत लोखंडेसाहेब मनापासून म्हणाले, "माझे स्वतःचे इतके पाठ नाहीत."

शांतवनांचे डोळे भरले. त्यांनी कपबशा उचलण्याचे निमित्त केले.

एस्तेरबाई आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या काखेत फडक्याचे गाठोडे होते. फणी, पितळी पेला आणि घडी न घातलेले लुगडे.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठे, बाई?" लोखंडेसाहेबांनी हसत विचारले.

"घरी. कडेगावला." त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण स्पष्ट होता. "समदी उत्तरं आली की गाडीत बसवून घरी सोडते म्हनल्यात मोठ्या बाई. आली नव्हं समदी?"

"कोण मोठ्या बाई?"

"गोऱ्या. चष्मा हाय त्या. मी रोज शिकलीया. एक दीस पण रडली न्हाई. ह्या मास्तरांना इचारा." त्यांनी शांतवनांकडे बोट केले. "सांगा की वं मास्तर. माझी आय वाट बगती."

बाहेर ट्रक गेला आणि कपाटातली भांडी किणकिणली.

शांतवनांना लग्नाच्या नोंदवहीतली ओळ आठवली. एस्तेर, पूर्वीचे नाव बनू, राहणार कडेगाव, आईबाप मानमोडीच्या साथीत मयत. एवढेच त्यांना माहीत होते. आठ वर्षांच्या रडणाऱ्या पोरीला गप्प करायला कोणा बाईने काहीतरी सांगितले असेल, वाईट हेतूने नव्हे. पोरीने बावन्न उत्तरे पाठ केली असतील, गाठोडे बांधले असेल, आणि उभी राहिली असेल. मग तिला कोणी काय सांगितले? ते तिने शेहेचाळीस वर्षांत सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. आता सहा आठवडे ते रोज सकाळी स्टुलावर बसून तिला एकेक उत्तराने त्या गाडीच्या जवळ नेत होते आणि त्याला सुधारणा म्हणत होते.

पाळकांनी शांतवनांना परड्यात नेले.

"मला कल्पना नव्हती," लोखंडेसाहेब म्हणाले. "उपदेशक, यांना आता सांभाळणारं कुणीतरी पाहिजे."

"मी आहे की."

"तुम्ही आहात. पण घरोघर कोण जाणार? कचेरीत विचारतात मला. मी काय लिहू?"

"लिहा, थकली आहे. थकतात माणसं. साहेब, तिकडं ती रात्री उठली आणि मी दिसलो नाही तर..." त्यांनी कुडाची वाकलेली काटकी सरळ केली. "मला ओळखत नाही, ते खरं. पण मी नसलो तर कावरीबावरी होते."

लोखंडेसाहेब कुडापलीकडच्या म्हशीकडे पाहत म्हणाले, "उद्या मंडळी असेल. बाईंनी सगळ्यांसमोर नीट बसून भाकर आणि पेला घेतला, तर अजून सहा महिने दोघांना इथंच ठेवा, असं मी लिहितो. प्रकृती अशक्त, पण सहभागी होतात. याहून जास्त मला खोटं लिहिता येणार नाही."

"घेईल. शिकवतो मी."

संध्याकाळी शांतवनांनी चपातीचे बोटभर तुकडे केले आणि ताटलीत ठेवले. "तुकडा हातात आला की डोळे मिटायचे. मग तोंडात घालायचा." एस्तेरबाईंनी तीनदा तसे केले. चौथ्यांदा त्या थांबल्या.

"गाडी कवा यायची?"

शांतवनांनी ताटली खाली ठेवली. चाळीस वर्षे ते लोकांना सांगत आले होते की लबाडी लहान नसते.

"उद्या," ते म्हणाले. "उपासना झाली की."

त्यांना वाटले, त्या चष्मेवाल्या बाईही असेच म्हणाल्या असतील. असेच, डोळ्यांत न पाहता.

रविवारी सकाळी त्यांनी पेल्यांतल्या रसासाठी भिजवलेल्या मनुका कुस्करून फडक्यातून गाळल्या. हे काम नेहमी एस्तेरबाईंचे. रस गढूळ आला. एस्तेरबाई मात्र लवकर उठून, केस विंचरून तयार होत्या, आणि फार आनंदात होत्या. बायकांच्या बाजूला न बसवता शांतवनांनी त्यांना पहिल्याच सतरंजीवर आपल्या शेजारी बसवले. अकरापैकी नऊजण आले होते. शालूबाईही आली आणि दाराशी टेकून उभी राहिली. "आत या," कोणीतरी म्हणाले, तर ती म्हणाली, "न्हाई, हितनं बगती. म्हातारी लय नटलीया आज."

प्रार्थना झाली. लोखंडेसाहेबांनी भाकर मोडली आणि ताटली घेऊन रांगेतून निघाले. पहिल्यांदा एस्तेरबाई. त्यांनी तुकडा घेतला. उजव्या हाताने, डावा खाली धरून, अगदी नीट. डोळे मिटले. शांतवनांनी स्वतःचा तुकडा घेतला आणि श्वास रोखला.

एस्तेरबाईंनी डोळे उघडले, पदराचे टोक मांडीवर पसरले आणि तुकडा त्यावर ठेवला.

"खा," शांतवन पुटपुटले.

त्यांनी मान हलवली.

"खा. शिकवलंय ना काल? तोंडात घाल."

"आयला नेते," त्या सहज आवाजात म्हणाल्या. पत्र्याच्या खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेले. "ती उपाशी असंल. मी हितं रोज जेवते."

पाळक दोन पावले पुढे जाऊन थांबले होते. मागे वळले नव्हते. ते वाट पाहत आहेत हे शांतवनांना त्यांच्या पाठीवरून कळले. अजून वेळ होता. तुकडा उचलून तिच्या ओठांपाशी नेला असता तर तिने तोंड उघडले असते. आजकाल ते भरवत तेव्हा ती उघडत असे. एवढेच करायचे होते. सहा महिने होते. मंडळीनेही डोळे मिटले होते.

त्यांनी हात पुढे केला. एस्तेरबाईंनी चटकन दोन्ही तळवे पदरावर झाकले, आणि पहिल्यांदाच त्या सबंध दिवसात त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली.

शांतवनांनी हात मागे घेतला. उपदेशक झाल्यापासून त्यांनी कोणालाही ही भाकर घरी नेऊ दिली नव्हती. एकदा एका बाईने आजारी मुलासाठी मागितली, तेव्हा तिला त्यांनी सगळ्यांसमोर रागे भरले होते. लोखंडेसाहेब आता वळून पाहत होते.

"हात काढ," शांतवन म्हणाले. "मी घेत नाही."

एस्तेरबाईंनी एक तळवा उचलला. शांतवनांनी आपल्या हातातला तुकडा तिच्या तुकड्याशेजारी ठेवला.

"हा तुज्या बाला," ते म्हणाले.

बाकीच्यांना भाकर देऊन झाल्यावर लोखंडेसाहेबांनी ताटली खाली ठेवली आणि पेल्यांचे तबक उचलले. ते जवळ येऊन उभे राहिले तेव्हा शांतवनांनी मान वर केली नाही. ते पदराला गाठ मारत होते. लुगडे धुऊन धुऊन मऊ झाले होते, पहिली गाठ घसरली. त्यांनी ती सोडली, चुरा आत लोटला आणि पुन्हा बांधायला घेतली.