प्रतीक्षाची भिरभिरती नजर

जळकोटच्या प्रतीक्षाला भीती म्हणून ठाऊक नव्हती. राग मात्र लई लवकर यायचा. आणि रणधीरनं तो आणलाच होता.

त्याचं झालं असं. कॉलेजात मानसशास्त्राच्या शिवप्रिया मॅडम कॉम्प्युटरवर नेमबाजीचा गेम खेळणाऱ्यांची नजर अभ्यासत होत्या. पडद्याखाली कॅमेरा होता; खेळणारा बघेल तिथं लाल ठिपका उमटायचा. कॉलेजच्या गेमिंग टीमचा कप्तान रणधीर, त्याचा ठिपका नेमाच्या जागी खिळलेला. प्रतीक्षाचा मात्र या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

"आगं, ही नजर हाय का माशी?" रणधीर खो खो हसला.

"दोन्ही बरोबर आहे रे," मॅडम म्हणाल्या. "कुणाचं डोकं एकच गोष्ट वेगळी काढून धरतं, कुणाचं सगळं एकदम बघतं. डोळे तसेच फिरतात."

पण ऐकतो कोण! नळदुर्गच्या स्पर्धेत फायनलला रणधीरनं प्रतीक्षाला बजावलं, "पडद्याच्या मधीच बघायचं. न्हाय जमलं, तर तुझ्या जागी राखीवातला इंद्रजित."

तीन डावांची फायनल, चौघांविरुद्ध चौघं. पहिला डाव ती मुकाट मधी बघून खेळली. बैलाला झापड बांधावी तसं झालं तिला. बाजूनं कोण आलं ते कळलंच नाही, आणि डाव गेला. इंद्रजित हेडफोन घेऊन उठलासुद्धा.

"बस खाली!" प्रतीक्षा कडाडली. "रणधीर, आता म्या माझ्या डोळ्यानं खेळणार. हरलो तर माझी म्या जाते."

तिच्या घरी मेंढरं. माळावर मेंढरं कुणी मोजत बसत नाही. कळपावरनं नजर फिरवली की नसलेलं मेंढरू आधी कळतं. लहानपणापासून तिचे डोळे तसेच फिरायचे.

दुसऱ्या डावात शेवटी ती आणि रणधीर दोघंच उरले; विरुद्ध टीमचे मात्र चौघंही शाबूत. समोरच्या भिंतीआड हालचाल होती, रणधीर नेम धरून बसलेला.

"हे तिघंच हायत," ती ओरडली. "चौथा न्हाय! मागं फिर!"

"समोर नेम बसलाय माझा!"

"फिर म्हणते ना!"

दातओठ खात तो फिरला. चौथा पाठीमागनं जिना उतरतच होता. रणधीरचा नेम कसला चुकतोय! त्याला पाडलं, मग ती जागा सांगत गेली आणि त्यानं उरलेले तिघंही उडवले.

तिसऱ्या डावाआधी रणधीरनं घाम पुसला. त्याचा तोरा पार उतरला होता.

"सांग, कुठं बघू?"

"तू मधीच बघ," प्रतीक्षा म्हणाली. "तुझ्यासारखा नेम मला जमत न्हाय. बाकीचं म्या बघते."