डावरीची रायफल

नेब्रास्कातल्या आमच्या क्लबात जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा होती. मी बाबांची गरँड रायफल डाव्या खांद्याला लावली, तसा शेजारचा मर्लकाका खेकसला, “अगं डावरे, ही उजव्यांची रायफल आहे! बापाने शिकवलं नाही?”

“त्यांनीच शिकवलं. तू गप आपली भर!”

गोळ्या संपताच दोघांच्याही गरँडमधून गोळ्या धरणाऱ्या रिकाम्या क्लिपा ठणकन उडाल्या. डावा हात चापावरच ठेवून, रायफल खांद्यावरून न काढता मी मोकळ्या उजव्या हाताने नवी क्लिप वरून आत दाबली. काकाचा उजवा हात चापावर, त्याला मात्र रायफल खाली घ्यावी लागली. माझ्याकडे डोळे वटारतच त्याने क्लिप दाबली आणि गोळी आत ढकलणाऱ्या पोलादी बोल्टाने फाडकन पुढे येऊन त्याचा उजवा अंगठा चेचला.

तो बोंबलला. शेवटची गोळी झाडून मी म्हटलं, “आता महिनाभर पँटची बटणं लाव डाव्या हाताने!”