लेकीला दिलेली बोअरवेल

आमच्या ह्यांचा, म्हणजे रुपरावांचा, धंदा बोअरवेल मारायचा. नागपूरच्या आसपास कुणाच्या शेतात पाणी लागलं नाही, की माणूस आधी देवाकडे जातो आणि मग ह्यांच्याकडे. ह्यांचं उत्तर ठरलेलं: "अजून खाली जाऊ." आमच्या लेकीच्या, मिनलच्या लग्नात माणसाने आहेर तरी कसला द्यावा? थेट कोकणात, समुद्रकाठी मशीन पाठवून तिच्या सासरच्या विहिरीशेजारी खोल बोअरवेल मारून दिली, वर पंप. मी कपाळाला हात लावला होता.

परवा मिनल माहेरी आली, ती त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन. ह्यांनी घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"हे तर खारट आहे!"

"माड पिवळे पडून राहिले, बाबा. सासूबाई प्यायचं पाणी दुसऱ्या आळीतून आणतात."

"मंग पन्नास फूट आणखी खाली जाऊ. उद्याच मशीन पाठवतो."

मिनल उठून ह्यांना घेऊन स्वयंपाकघरात आली. काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी केलं, त्यात जिलबीचा लाल रंग टाकला आणि चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी अलगद वर सोडलं. काय नवल, दोन्ही मिसळेनातच! खाली लाल, वर नितळ. माझी पोळी तव्यावर करपली.

"लाल पाणी म्हणजे जमिनीखालून आलेला समुद्र," ती म्हणाली. "पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगते. आता स्ट्रॉनं ओढून पाहा."

ह्यांनी सवयीने स्ट्रॉ तळाला नेली. तोंड वाकडं झालं. मग वरूनच, पण हावरटासारखं ओढलं, तर लाल पाणी खालून वर चढलं. ग्लास पुन्हा भरायला लावला. हळूच, वरवर ओढलं, तेव्हा कुठे गोडं लागलं. पोरासारखे हरखले होते.

"म्हंजे खाली गेलं तरी खारं, अन् जास्त उपसलं तरी खारं? मंग करावं काय वं?"

"खोल बोअर बुजवायची. विहिरीतून थोडंथोडंच काढायचं. छपरावरचं पावसाचं पाणी गाळून जमिनीत मुरवायचं. गोडं वाढलं का खारं मागं हटते. काही पावसाळे जातील."

ह्यांनी स्ट्रॉ खाली ठेवली. "खोल बोअर... म्हंजे आपली?"

मिनलने मान खाली घातली.

"काहून नाही सांगितलं?"

"सासूबाईंनी सांगू दिलं नाही. म्हणतात, व्याह्यांनी हौसेनं दिली. दसऱ्याले पंपाले हार घालतात अजून."

ती बाई रोज घागरी वाहते आणि वर हार घालते! ह्यांनी तो ग्लास बाजूला सारला.

"मिनल, तिकीट काढ. बुजवाले मीच येतो," हे म्हणाले. "अन् तुह्या सासूले सांग, मी तिथं असेन तोवर घागर मी आणीन."