खांबाला टेकलेला हात

"अरे, हे यंत्र आहे की उंट?" वेल्डरने दारातूनच विचारलं. "पाय एवढे लांब केलेस, मग मान हलणारच की!"

कारखान्यात लेथवर आयुष्य घालवलेला टर्नर यंत्रावरचा भुसा झाडत राहिला. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत त्याने हा सीएनसी राउटर स्वतःच्या हाताने उभा केला होता. दोन लोखंडी खांब, त्यांवर आडवा पूल आणि पुलावरून सरकणारं पातं. संगणक सांगेल तसं ते लाकूड कोरायचं. आजवर पातळ फळ्याच कोरल्या. पण बायको ज्या जाड फळीवर रोज पहाटे नेमाने जपाला बसायची, ती पुलाखाली जाईना. लेकीला त्याच फळीवर आईचं नाव कोरून हवं होतं. म्हणून त्याने खांब उंच केले. फळी आत गेली, पण पूल थरथरू लागला. टाकाऊ लाकडावर कोरून पाहिलेलं प्रत्येक अक्षर उंदराने कुरतडल्यासारखं.

आणि फळी एकच होती.

"वहिनी होत्या तेव्हा बरं कोरायचं की रे हे."

"तेव्हा बुटकं होतं."

वेल्डरने यंत्र चालू करायला लावलं आणि खांबावर ठिकठिकाणी बोट टेकवून पाहिलं. "हे बघ, सगळ्यात जास्त इथे हलतंय. तिकोनी प्लेट वेल्ड मारू. आतून मारतो, दिसायची नाही."

"आतून नको. फळी अडकेल."

"बरं बाबा, बाहेरून." वेल्डर वाकला. "वा! इथला रंग आधीच गेलाय. वेल्डिंगआधी घासायला नको."

टर्नर खांबाजवळच्या खुर्चीकडे बघत राहिला. "यंत्र चालू असलं की ती तिथे हात टेकून बसायची. एका हातात माळ, दुसरा खांबाला. मी ओरडायचो, हात काढ म्हणून."

"मग?"

"काढायची नाही."

वेल्डरने डोळ्यांवरची काच वर सरकवली. "राहू दे का? दुसरं काही बघू."

"नको. मार तू."

प्लेट बसली. "आता हत्ती बसव वर," म्हणत वेल्डर गेला.

टर्नरने फळी पुलाखाली आवळून यंत्र चालू केलं. पहिलं अक्षर लोण्यातून निघावं तसं उतरलं.

"बघितलंस?" तो खुर्चीकडे वळून म्हणाला, आणि थांबला.

मग तो खुर्चीत बसला आणि प्लेटवर तळवा टेकवला. ती अजून कोमट होती. खांब जराही हलत नव्हता. हात ठेवायचं काही कारणच उरलं नव्हतं.

नाव पुरं होईपर्यंत त्याने तो काढला नाही.