गेटाबाहेर ठेवलेली डावी चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. डाव्या पायाची, काळ्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली. दिसायला मी बेढब आहे. मुलं मला पाहून नाक मुरडतात. एके काळी माणसांना पाहून मलाही तसंच वाटत होतं, त्याचीच ही हकीकत.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका लहान दुकानात झाला. ज्यांच्यासाठी मला बनवलं, त्या बापूसोंना मधुमेह होता. हा आजार बरीच वर्षं राहिला, की पायांची जाणीव कमी होत जाते. काटा रुतला, चटका बसला, तरी कळत नाही. म्हणून दुकानदाराने बापूसोंच्या पायाची आकृती कागदावर काढून घेतली आणि जिथे जास्त भार पडतो तिथे मला अधिक मऊ केलं. डॉक्टरांनी मला दाबून पाहिलं आणि ते म्हणाले, "छान! बापूसो, ही घरातसुद्धा घालायची. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. आणि रोज तळपाय बघायचे."

रोज सकाळी आम्ही रंकाळा तलावावर फिरायला जात असू. समोरच्या घरातले अमरसिंह भेटले की हटकून म्हणायचे, "काय वो बापूसो, कोल्हापुरात जल्मून रबार घालताय व्हय? चामड्याचं करकरतं पायताण घाला की!"

"घरात एक करकर हाय की, तेवढी पुरं," असं म्हणून बापूसो हसायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग कोरोनाची साथ आली. मधुमेह असलेल्यांना या रोगाचा धोका जास्त, असं टीव्हीवर सांगू लागले. बापूसोंच्या पत्नी सीताबाई घाबरून गेल्या. "साखरवाल्यास्नीच आदी धरतंय म्हणं," असं त्या सारख्या म्हणायच्या. चपलांना चिकटून रोग घरात येतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. झालं! मला गेटाबाहेर काढलं. रोज माझ्यावर ब्लीचिंगचं पाणी मारू लागले. त्या उग्र वासाने जीव नकोसा व्हायचा. समोरचे अमरसिंह मास्क हनुवटीवर ओढून माझ्याशेजारीच तंबाखूची पिचकारी मारायचे आणि वर म्हणायचे, "स्वच्छता पाळा, वयनी!" मला या सगळ्यांची शिसारी आली.

बापूसो आता घरात अनवाणी फिरू लागले. रंकाळा बंद, म्हणून त्यांनी गच्ची धरली. कडक उन्हात विषाणू मरतो, असं ऐकून ते भर दुपारी वर जायचे. एकदा जिन्यापाशी थांबून त्यांनी मला मागितलं. सीताबाई आतूनच ओरडल्या, "वर चटणीच्या मिरच्या हाईत, कुरडया हाईत! वाळवणात पायताण घिऊन जाताय व्हय?"

बापूसो तसेच अनवाणी वर गेले. मे महिन्यातला स्लॅब तापलेल्या तव्यासारखा होता. त्यांना मात्र काहीच जाणवलं नाही.

काही दिवसांनी ते दूध घ्यायला गेटापाशी आले आणि सवयीने त्यांनी मला पायात घातलं. मला ओल लागली. चिकट, कोमट, कुजका वास असलेली. माझ्या अंगावर काटा आला. कधी एकदा हा पाय बाहेर निघतो, असं मला झालं. आणि मग कळलं, ही घाण माझ्या बापूसोंच्या पायातून येते आहे. मला ओरडून सांगायचं होतं. पण चपलेला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून स्नेहल ब्लीचिंगचं पाणी मारायला आली आणि तिने नाकाला पदर लावला. "आत्या, हे पायताण लई वास मारतंय वो!"

"टाकून दे की! कशाला ठेवलंय ते रोगाचं घर?" सीताबाई म्हणाल्या.

स्नेहलने काठीने मला उचललं आणि ती थबकली. पिवळट लाल डाग बरोबर अंगठ्याखाली होता. तिने काठी टाकली आणि मला हातात घेतलं.

"आत्या, हे बाहेरनं लागल्यालं न्हाय. पायातनं आलंय. मामंजी, पाय दावा बघू."

"काय झालं न्हाय. दुकत न्हाय की!" बापूसो पाय मागे घेत म्हणाले.

"दुकत न्हाय म्हणूनच भ्या वाटतंय, मामंजी."

गच्चीवर भाजून आलेला फोड फुटला तेव्हाच त्यांनी पाहिला होता. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, या भीतीने त्यांनी चिंधी बांधून वर मोजा चढवला होता. मोजा निघाला तेव्हा सीताबाईंनी तोंड फिरवलं. स्नेहलने फिरवलं नाही. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि नवऱ्याला, केतनला, हाक मारली.

डॉक्टरांनी चप्पलही आणायला सांगितली होती, म्हणून पिशवीत घालून मलाही नेलं. बापूसोंची साखर फार वाढली होती. कित्येक आठवडे तपासणीच झाली नव्हती.

"अनवाणी का चाललात?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता वाळवणात पायताण कसं चालंल, डॉक्टर?" सीताबाई म्हणाल्या. एवढं बोलल्या आणि त्यांना रडू फुटलं.

पाय वाचला. अंगठा गेला.

आता घरात माझा मान मोठा आहे. सीताबाई मला धुऊन, कोरडी करून बापूसोंच्या पलंगाखाली ठेवतात. गेल्या उन्हाळ्यात मला घालून बापूसो गच्चीवर मिरच्यांच्या कडेने चालत होते. समोरच्या गच्चीवरून अमरसिंह ओरडले, "वयनी, चटणीत पायताण!"

"तुमी नगा खाऊ मग," सीताबाई म्हणाल्या. "आन् आमच्या दारात थुकायचं बंद करा आदी!"

मित्रांनो, तुमच्या घरी मधुमेह असलेलं कुणी असेल, तर साथीच्या दिवसांत त्यांना नुसतं कोंडून ठेवू नका. गोळ्या संपत आल्या का, साखर तपासली का, हे विचारा. दवाखान्यात जायला भीती वाटली तर डॉक्टरांना फोन करायला लावा. आणि संध्याकाळी त्यांचे तळपाय मांडीवर घेऊन उजेडात बघा. कधी वास येईल, कधी किळस वाटेल. तरी बघा. आईबाबांनाही बघायला सांगा.

माझ्या रबरात अंगठ्याचा खळगा अजून आहे. तिथे आता धूळ साचते. सीताबाई ती रोज पुसतात.