बेचाळीस वर्षे चाललेला नववा डाव

मी एक जुना हातमोजा आहे. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा कॅचर असतो ना, त्याच्या डाव्या हातातला. १९३४ सालच्या ऑगस्ट महिन्यात, ब्रॅकन हॉलोच्या मैदानावर, आमच्या विटोल्ड गोरालने कालिडा गावाच्या संघाला नऊच्या नऊ डावांत एकही फटका मारू दिला नाही.

मित्रांनो, वरचे वाक्य तुम्ही वाचलेले नाही. मी ते लिहिलेलेही नाही. असे काही घडलेले नाही. सामना अजून चालू आहे, आणि चालू सामन्यात त्या गोष्टीचे नाव काढायचे नसते, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. नाव काढले की दृष्ट लागते आणि पुढच्याच चेंडूवर फटका बसतो. म्हणून आपण माझ्या जन्मापासून सुरुवात करू. त्यात धोका नाही.

मी मुळात एक गाय होतो. म्हणजे गाईच्या पाठीचा उजवा भाग. डाव्या भागाचे बूट झाले असे ऐकतो, पण बूट पत्र पाठवत नाहीत. कारखान्यात मला शिवले, आत मेंढीची लोकर आणि घोड्याचे केस ठासले आणि दुकानाच्या काचेत टांगले. तिथून मला हॉबर्ट स्नेलने घेतले. हॉबर्ट आठवडाभर कोळशाच्या खाणीत काम करायचा आणि रविवारी ब्रॅकन हॉलोचा कॅचर असायचा. मी मऊ व्हावे म्हणून त्याने मला डुकराची चरबी चोळली, माझ्या पोटात एक चेंडू बांधला आणि महिनाभर मला गादीखाली ठेवले. वर तो स्वतः झोपायचा. तो दोनशे दहा पौंडांचा होता. बालपण प्रत्येकाचेच कठीण असते.

मग मी विटोल्डला भेटलो. विटोल्ड गोराल आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. तो इतका उंच होता की खाणीत त्याला कमरेत वाकूनच काम करावे लागे. सारे गाव त्याला लांब्या म्हणायचे. आठवडाभर वाकलेला हा माणूस रविवारी मैदानात सरळ व्हायचा, आणि ते सरळ होणेच इतके जोरात असायचे की चेंडू आपोआप सुटायचा. जुनी माणसे सांगतात की त्याचा चेंडू दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. ते खरे नाही. ऐकूही नंतर यायचा.

हॉबर्टचा तळहात पावासारखा फुगू लागला. तेव्हा त्याने जुन्या कॅचर लोकांचा उपाय केला. दर रविवारी तो गस ओबरहोल्झर या खाटकाकडून मांसाचा एक जाड तुकडा घ्यायचा आणि माझ्या आत, तळहाताशी घालायचा. सामना संपेपर्यंत लांब्याचे सव्वाशे चेंडू खाऊन तो तुकडा लोण्यासारखा व्हायचा. मग हॉबर्टची बायको तो तळायची. गावात त्याची इतकी कीर्ती झाली की लोक गसकडे येऊन विचारायचे, "साधं नको, लांब्याने फेकलेलं आहे का?"

या सगळ्यात एका व्यक्तीचे माझ्यावर निरपेक्ष प्रेम जडले. ती व्यक्ती म्हणजे गसचा कुत्रा. त्याचे नाव सिनेटर. त्याने आयुष्यात कधी कुणाचे काम केले नव्हते, म्हणून हे नाव पडले होते.

आता त्या रविवारकडे वळू. हळू बोला.

ऊन कडक होते. गसने बायकोची गवती टोपी डोक्यावर घातली होती. तिच्यावर खोट्या चेरींचा घोस होता. पाचव्या डावात लोकांच्या लक्षात आले की कालिडाचा अजून एकही फटका बसलेला नाही. कुणी बोलले नाही. फक्त सगळे एकदम गप्प झाले. अशा वेळी आमच्याकडे काहीही बदलायचे नसते. जो जिथे बसला आहे त्याने तिथेच बसायचे, जे अंगावर आहे ते उतरवायचे नाही, आणि पिचरशी तर बोलायचेच नाही. लांब्या बाकाच्या एका टोकाला एकटा बसला होता. त्याचे आठ सोबती दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या मांडीवर बसले होते.

नववा, म्हणजे शेवटचा डाव आला. दोन बाद झाले. तिसरा फलंदाज डेल्बर्ट फिंच. त्याचे दोन चेंडू हुकले होते; तिसरा हुकून कॅचरने झेलला की तो बाद आणि सामना संपला. लांब्या सरळ झाला. फिंचने जिवाच्या आकांताने बॅट फिरवली आणि ऑगस्टच्या हवेला जोराचा तडाखा दिला. चेंडू माझ्या पोटात आला. धप्प! अंपायरला दाखवायला हॉबर्टने मला डोक्यावर उंच धरले, आणि तेवढ्यात सिनेटरने झेप घेतली.

त्याला दोष देता येत नाही. नऊ डाव उन्हात तो तुकडा चांगलाच मुरला होता. सिनेटर मला, मांसाला आणि चेंडूला तोंडात धरून कुंपणाखालून पसार झाला.

अंपायर पिटमन हे फार तत्त्वाचे गृहस्थ. ते जागचे हलले नाहीत.

"अहो, बाद आहे तो! सगळ्या गावानं बघितलंय!" हॉबर्ट ओरडला.

"चेंडू दाखव."

"चेंडू कुत्र्याच्या तोंडात आहे!"

"मग कुत्र्याला बोलव."

"मिस्टर पिटमन, पाया पडतो. आजच्या दिवशी तरी असं करू नका हो."

"का? आज काय विशेष आहे?"

हॉबर्टने तोंड उघडले. मग मिटले. त्याने लोकांकडे पाहिले. सगळ्या गावाने तोंड उघडले आणि मिटले. सांगायचे तर नाव काढावे लागणार, आणि नाव काढले तर सगळेच गेले!

"काही नाही," हॉबर्ट म्हणाला. "सहज म्हटलं."

पिटमन यांनी वही काढली आणि लिहिले: चेंडू परत येईपर्यंत खेळ स्थगित.

चेंडू परत आला नाही. सिनेटरने मला गसच्या दुकानाच्या लाकडी जमिनीखाली नेले, मांसाचा तुकडा घेतला आणि मला तिथेच सोडले. नऊ वर्षांनी तो वारला. शेवटपर्यंत त्याने कुणाला काही सांगितले नाही.

मित्रांनो, मी तिथे बेचाळीस वर्षे पडून होतो. माझ्यावर गसचे मिठाचे पिंप होते. फटींतून मीठ झिरपत राहिले, म्हणून मी कुजलो नाही, सुकटासारखा टिकलो. आणि वर दुकानात जुन्या चाहत्यांचा अड्डा होता, म्हणून माझा वेळही बरा गेला. मॅकनॉट नावाच्या खेळाडूने कुंपणावरून उडी मारून जेवणाच्या डब्यात चेंडू झेलला होता. १९४० साली ते कुंपण चार फूट होते. १९५५ साली आठ फूट झाले. १९७० साली मॅकनॉट बारा फुटांच्या भिंतीवरून गेला आणि डब्यातले सूपही सांडले नाही. आमच्या मैदानात नऊशे माणसे मावायची, पण ती उडी प्रत्यक्ष पाहिलेले सहा हजार लोक मी स्वतःच्या कानांनी मोजले आहेत.

फक्त एका सामन्याविषयी कुणी बोलत नसे. खेळ स्थगित होता, संपलेला नव्हता. गसच्या डोक्यावर तीच चेरींची टोपी होती. तीच घालून तो स्वतःच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला गेला, आणि तिच्या मालकिणीच्या अंत्यविधीलाही.

दर शनिवारी लांब्या यायचा. त्याचे बूट बरोबर माझ्या डोक्यावर थांबायचे आणि वरची बडबड बंद व्हायची.

"काय देऊ, लांब्या?"

"दोन पौंड सॉसेज. जुन्या गोष्टी चालल्या होत्या वाटतं?"

"छे रे. हवेचं चाललं होतं. यंदा हवा आहे म्हणायची."

"हं. माझं नाव ऐकल्यासारखं वाटलं."

"नाही नाही. हवाच."

बूट थोडा वेळ थांबायचे. मग जायचे. एकदा त्याच्याबरोबर त्याची बायको लुद्विका आली होती. लांब्याने तिला हळूच विचारले, "लुद्विका, मी कधी चांगला खेळायचो का गं?" वर कागदाची सळसळ झाली. मग ती म्हणाली, "दोन पौंड पुरतील का रे?"

सगळे त्याच्यावरच्या मायेपोटी गप्प होते. हे त्याला कळत होते. पण कळल्याने पोट भरत नाही. मीच काहीतरी बोललो असतो. पण माझ्या तोंडात चेंडू होता.

१९७६ च्या शरदात डॉक्टरांनी लांब्याला सांगितले की, हिवाळ्यापलीकडच्या फार गोष्टी ठरवू नका. त्याच आठवड्यात गसने दुकान बंद करायला काढले आणि जमिनीच्या फळ्या उचकटल्या. प्रथम मला उजेड दिसला, मग चेरी. गसने मला उचलून माझ्यावरचे मीठ झटकले. मग त्याने हॉबर्टला फोन लावला.

"सापडला."

"कोण?"

"सामना."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मैदानावर जमले. मैदानावर आता सुपरमार्केट होते. फलंदाज उभा राहायचा ती जागा डबाबंद सूपच्या रांगेत आली होती. हॉबर्ट मला घेऊन तिथे उकिडवा बसला आणि मग उठता येईना म्हणून बसूनच राहिला. नव्वदीला टेकलेले पिटमन चाकांच्या खुर्चीतून आले. डेल्बर्ट फिंच आता कालिडात दातांचा डॉक्टर होता. तो घाईत आला होता, त्यामुळे गालात कापूस भरलेला त्याचा एक रुग्णही सोबत आला होता. लांब्या सामान ठेवायच्या एका गाड्याला धरून उभा होता. जितका सरळ होता येईल तितका सरळ.

पिटमन यांनी चष्मा लावून माझ्यात पाहिले. चेंडू मिठाने माझ्याशी एकजीव झाला होता.

"चेंडू दिसतो आहे," ते म्हणाले.

अख्ख्या रांगेने श्वास रोखला.

"पण मला बाद देता येणार नाही."

"आता काय झालं?" हॉबर्ट खालून ओरडला. "चेंडू पाहिजे म्हणालात, चेंडू आणला! आता काय कुत्रा उकरून आणू?"

"माझी नेमणूक लीगची होती. लीग एक्केचाळीस साली बंद पडली. नेमणूक नसताना बाद दिलं तर तो निर्णय होत नाही, ते नुसतं मत होतं."

"अहो, मीच सांगतो ना!" फिंच पुढे झाला. "मी बाद आहे. बेचाळीस वर्षं बाद आहे. माझ्या बायकोला विचारा, रोज झोपेत बॅट फिरवतो आणि रोज हुकतो."

"फलंदाजाचं मत धरत नाहीत," पिटमन म्हणाले. त्यांनाही वाईट वाटले असावे, कारण त्यांनी वही फार हळू मिटली.

लांब्या हसला. "असू दे. घरी जाऊ या," म्हणाला आणि त्याने गाडा वळवला. सगळ्या गावाने पुन्हा तोंड उघडले आणि मिटले.

एकटी लुद्विका जागेवरून हलली नाही.

"विटोल्ड," ती म्हणाली, "त्या दिवशी कालिडाच्या एकाही माणसाला तू फटका मारू दिला नाहीस. एकालाही नाही."

कुणीतरी किंचाळले. गसने दोन्ही हातांनी टोपी दाबून धरली. फळीवरून टोमॅटो सूपचा एक डबा पडला, गडगडत लांब्याच्या बुटापर्यंत गेला आणि थांबला. बाकी काही झाले नाही. आकाश होते तिथेच राहिले.

लांब्या वळला. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

"नाही ऐकलं. या कानानं कमी येतं."

लांब्याचे कान उत्तम होते. तिने पुन्हा सांगितले. मग तो दुसरा कानही कमी ऐकतो म्हणाला, म्हणून तिसऱ्यांदा सांगितले. तिसऱ्यांदा हॉबर्टही बोलला, फिंच बोलला, सगळी रांग बोलली. कापूसवालाही बोलला. त्याचे शब्द कळले नाहीत, पण भावना पोचली. लांब्या गाडा सोडून उभा होता. अगदी सरळ. वरच्या दिव्याला त्याचे डोके लागत होते आणि डोळे पुसायचे त्याच्या लक्षात नव्हते.

गसने टोपी काढली. लोकांनी बेचाळीस वर्षांनी त्याचे डोके पाहिले. मग त्याने ती पुन्हा घातली. "पिटमन काय म्हणाले, ऐकलंत ना?" तो म्हणाला. "लीगचं पत्र येऊ दे."

लांब्या तो हिवाळा ओलांडून गेला आणि त्याच्यापुढचाही. तोवर दर शनिवारी कुणी ना कुणी त्याच्याकडे यायचे आणि तो सामना पहिल्यापासून सांगायचे. शेवटी शेवटी त्या सांगण्यात सिनेटरने बारा फुटांची भिंत ओलांडली होती. आता मी लुद्विकाच्या कपाटावर असतो. माझी वीण उसवली आहे आणि जरा दमट दिवस असला की मला मीठ सुटते. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे जुने चामडे असेल तर त्याला तेल लावा. आणि एखादा लांब्या असेल तर दृष्ट लागेल म्हणून गप्प बसू नका. त्याला सांगा. त्याचे कान उत्तम असतात.

शेवटी, सन १९४१ पासून बंद असलेल्या लीगच्या माननीय चिटणीसांना सविनय विनंती की: फलंदाज डेल्बर्ट फिंच यांस बाद घोषित करावे, झेल घेण्यात साहाय्य केल्याबद्दल कै. सिनेटर यांच्या नावाची नोंद व्हावी, आणि श्री. गस ओबरहोल्झर यांस टोपी काढण्याची लेखी परवानगी उलट टपाली मिळावी. तोपर्यंत खेळ चालू असल्याने, वरील मजकुरात मी काहीही सांगितलेले नाही, याचीही कृपया नोंद घ्यावी.